हीट पंप घरघरतो आणि पाणी कोमटच: गॅस भरण्याआधी काय तपासाल?

पत्र

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. पाच वर्षांपूर्वी गच्चीवर ३०० लिटरची टाकी आणि बाहेरचं युनिट वेगळं, असा हीट पंप बसवला. युनिट आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला ब्रॅकेट ठोकून लावलंय. टायमर पहाटे चारचा आहे. दिवाळीनंतर पहाटे घरघर सुरू झाली. अर्ध्या-पाऊण तासाने तिचं खरखरणं होतं, पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखं. पाणी ५५ अंशांवर लावूनही ४० च्या पुढे जात नाही. एकदा दुपारी चालवून पाहिला तर आवाज बराच कमी होता, पण पाणी ४५ लाच अडकलं. पहाटे जाळीच्या खालच्या भागात पांढरा बर्फ दिसतो. मेकॅनिकने तेरा महिन्यांत दोनदा गॅस भरला, आता तिसऱ्यांदा "गॅस संपलाय" म्हणतो. नळाचं पाणी कमी पडतं म्हणून दीड वर्षापासून बोअरचं पाणीही टाकीत घेतो. शेजारचे काका रोज आवाजाची तक्रार करतात. मशीन काढून पुन्हा गीझर लावावा का?

उत्तर

गीझर लावू नका. तिसऱ्यांदा गॅसही भरू देऊ नका, निदान खाली लिहिलेलं तपासून होईपर्यंत तरी. आणि आज रात्रीच एक काम करा: टायमर पहाटे चारवरून काढून दुपारी साडेबारा ते साडेचार असा लावा. काकांची झोप वाचेल, आणि मशीनचा अर्धा त्रासही कमी होईल. का, ते पुढे येतंच.

आधी गॅसचं बोलू. हीट पंपातला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, की वापरला आणि संपला. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलेला असतो, आणि ती जागा शोधून बंद न करता वरून भरलेला गॅस पुन्हा तिथूनच जाणार. दुसरी शक्यता अशी की गॅस मुळात कमी नव्हताच, आणि दोनदा भरल्यामुळे आता जास्त झालाय. जास्त गॅसनेही आवाज वाढतो आणि पाणी मध्येच अडकतं. म्हणजे तुमची लक्षणं दोन्हीकडे जुळतात. म्हणूनच अंदाजाने भरणं थांबवायला हवं.

मशीन काय करतं हे डोळ्यांसमोर असलं की दोष शोधणं सोपं जातं. पंखा बाहेरची हवा कॉइलवरून ओढतो. कॉइलमधला थंडगार गॅस त्या हवेतली उष्णता घेतो, कंप्रेसर त्याला दाबून तापवतो, आणि तो तापलेला गॅस हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता पाण्याला देतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब उतरतो, गॅस पुन्हा गार होतो आणि कॉइलकडे परततो. हवा, वीज, पाणी, गॅस या चार वाटांपैकी एक जरी अडली तरी पाणी तापत नाही, आणि बहुतेक वेळा मशीन आवाज करून ते सांगतं. तपासायचा क्रमही हाच ठेवा. गॅस शेवटी, कारण त्याला हात लावायचा खर्च सर्वांत जास्त आणि तो घरच्या घरी तपासता येत नाही.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा धागा म्हणजे पहाटेचा आणि दुपारचा फरक. नाशिकला थंडीत पहाटे हवा ८-१० अंशांवर येते, निफाडकडे त्याहूनही खाली. त्या हवेतून उष्णता ओढायची तर कॉइल शून्याच्या आसपास किंवा खाली जावी लागते. मग हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो. पातळसं पांढरं दंव धरणं, ठराविक वेळाने पंखा थांबून "फुस्स" असा मोठा आवाज येणं, पाच-दहा मिनिटं वाफ आणि पाणी गळणं, हे सगळं डिफ्रॉस्ट आहे, म्हणजे मशीन स्वतःच आपला बर्फ वितळवतं. त्यात बिघाड काही नाही. पण बोटभर जाडीचा बर्फ राहून जात असेल तर तो बिघाड. तुमची खरखर अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होते, म्हणजे बर्फ वाढत वाढत पंख्याच्या पात्यापर्यंत पोचतो आणि पातं त्याला घासतं, ही शक्यता सर्वांत दाट. दुपारी २७-२८ अंशांच्या हवेत बर्फ धरत नाही, म्हणून तेव्हा खरखर नाही.

आता बर्फ का धरतो ते पाहू. रात्री अंधार पडल्यावर मशीन एमसीबीवरून बंद करा. पंख्याच्या बाजूने आत टॉर्च धरा आणि मागून कॉइलकडे बघा. साफ कॉइलच्या फिनांमधून (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या पट्ट्यांमधून) उजेडाच्या बारीक उभ्या रेषा दिसतात. गच्चीवरच्या पाच वर्षांच्या मशीनमागे बहुतेकदा दिसतं ते वेगळंच: धुळीचा करड्या नमद्यासारखा थर, त्यात कबुतरांची पिसं, सुतळीचे धागे, कोळ्याचं जाळं. उजेड आरपार येत नसेल तर हवाही येत नाही. हवा कमी म्हणून कॉइल आणखी गार होते, त्यामुळे बर्फ धरतो, बर्फामुळे हवा आणखी अडते, आणि हे चक्र पहाटभर चालतं.

साफ करताना एमसीबी बंद करून किमान दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टर मशीनच्या आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तेवढा वेळ धोकादायक व्होल्टेज राहू शकतं. वरचा थर मऊ ब्रशने फिनांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, काढा. आडवा ब्रश मारलात तर फिन दुमडतात. मग साध्या नळीने, कमी दाबाने, आतून बाहेर पाणी सोडा, म्हणजे घाण जिथून आत शिरली तिकडूनच बाहेर पडेल. बाहेरून मारलं तर ती आणखी आत ठासते. इलेक्ट्रिकच्या पेटीवर आणि पंख्याच्या मोटरवर प्लास्टिक बांधून घ्या. तेलकट चिकटपणा असेल तर एक लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड पुरतं. कार धुण्याचा प्रेशर पंप, कॉस्टिक, संडास साफ करायचं अ‍ॅसिड यांतलं काहीही नको. आणि जमलेला बर्फ स्क्रूड्रायव्हरने कधीही टोकरू नका. कॉइलच्या नळीची भिंत मिलिमीटरभरही जाड नसते. एक टोच बसली की खराच गॅस जातो. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या हळूहळू ओतल्या की बर्फ सुटतो.

खालच्या ट्रेचं भोक विसरू नका. तुमचा बर्फ खालच्या भागात आहे, त्यामुळे याला महत्त्व आहे. डिफ्रॉस्टचं पाणी त्या भोकातून गेलं नाही की तळात साचतं, पुन्हा गोठतं आणि खालून वर चढत जातं. एक जाड तार घालून शेवाळ काढा, मग तांब्याभर पाणी ओतून ते लगेच वाहतं का बघा. भिंतीवरचं युनिट किंचित मागे किंवा बाजूला झुकलेलं असलं तरी हेच होतं. स्पिरिट लेव्हल लावून पाहा. तळाचा उतार भोकाकडे हवा.

युनिटभोवती मोकळी जागा आहे ना? मागे भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर आणि पंख्यासमोर निदान एक मीटर हवं. पावसाळ्यात वर टाकलेली ताडपत्री किंवा पत्र्याची शेड तशीच राहिली असेल तर पंख्याने फेकलेली गार हवाच फिरून पुन्हा कॉइलवर येते. पत्रा छपरासारखा वर चालेल, पुढे-मागे आडवा नको.

कॉइल साफ, भोक मोकळं, तरी बर्फ जाड धरत असेल तर पंखा हळू फिरतोय का किंवा डिफ्रॉस्टचा सेन्सर कॉइलवरून सुटलाय का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, मशीनमध्ये पंख्याचा छोटा कपॅसिटर आणि कंप्रेसरचा मोठा कपॅसिटर असे दोन असतात. ते उन्हाने म्हातारे होतात. कंप्रेसरच्या कपॅसिटरवर ३५ मायक्रोफॅरड छापलं असेल आणि मीटर ३१ दाखवत असेल तर बदलायलाच हवा. दहा टक्क्यांहून जास्त घट म्हणजे तो गेला असंच समजतात. पंख्याच्या कपॅसिटरवर आकडा लहान असतो, नियम तोच. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याची वीज उतरवावी लागते, म्हणून हे काम स्वतः करू नका.

बर्फाशिवायही आवाज होतात, आणि त्यांचे प्रकार कानाने ओळखता येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक युनिटच्या पत्र्यावर आणि दांडा कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐका, फक्त बाहेरून, चालू पंख्यापासून आणि उघड्या तारांपासून दूर. पत्र्याची खडखड हात दाबून धरल्यावर थांबत असेल तर सैल स्क्रू. दोन स्क्रू आणि मध्ये रबराची पट्टी एवढंच काम. पंख्यातून किर्र आवाज, आणि मशीन बंद असताना पातं हाताने फिरवल्यावर अडखळत असेल, तर बेअरिंग. कंप्रेसर सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद घुमतो आणि "टक" होऊन बंद पडतो, हे व्होल्टेजचं किंवा कपॅसिटरचं. विजेच्या पेटीतून सारखी गुणगुण येत असेल तर कॉन्टॅक्टरच्या (कंप्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) तोंडात बहुतेकदा मुंग्या चिरडलेल्या असतात. तो बदलतात, घासत बसत नाहीत. टाकीकडच्या पंपातून गुडगुड, खडे फिरल्यासारखा आवाज म्हणजे पाण्यात हवा अडकलेली. कंप्रेसरमधूनच धातूची ठकठक येत असेल, विशेषतः गॅस भरल्यानंतर सुरू झाली असेल, तर मशीन ताबडतोब बंद ठेवा. जास्त झालेला गॅस द्रवरूपातच कंप्रेसरमध्ये परत येत असावा आणि द्रव काही दाबला जात नाही. त्यात कंप्रेसर फुटतो.

मोठ्या बंगल्यांत किंवा सोसायट्यांत थ्री फेज मशीन असतं, त्यांच्यासाठी थोडं आडवळण. खांबावर किंवा मीटरपाशी काम झाल्यानंतर मशीन एकदम कर्कश आवाज करू लागलं आणि पाणी अजिबात तापेना, तर फेज उलटे जोडले गेलेत का ते पहिल्यांदा बघा. स्क्रोल कंप्रेसर उलटा फिरला की आवाज प्रचंड, करंट कमी आणि दाब शून्य. कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की काम झालं, पण उलटा चालत ठेवला तर कंप्रेसर जातो. फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या, तो हे होऊच देत नाही.

आता तुमच्या दुपारच्या अनुभवाकडे. दुपारी बर्फ नव्हता, तरी पाणी ४५ ला अडकलं. म्हणजे बर्फ हा एकटा गुन्हेगार नाही. इथे एक प्रश्न तुम्हालाच पाहून ठरवायचा आहे: ४५ ला मशीन स्वतःहून बंद पडतं, की चालूच राहतं आणि तरी पाणी तापत नाही?

बंद पडत असेल, पॅनेलवर हाय प्रेशरचा किंवा पाण्याच्या प्रवाहाचा एरर कोड येत असेल, तर गॅसची उष्णता पाण्यात उतरत नाहीये. पाणी जसं तापतं तसा गॅसचा दाब वाढतो, आणि एका मर्यादेला मशीन स्वतःला वाचवायला थांबतं. याची कारणं तीन: हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार, पाण्याचा प्रवाह कमी, किंवा गॅस जास्त. दीड वर्षापासून बोअरचं पाणी येतंय म्हटल्यावर आमचा पहिला संशय क्षारांवर. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. पाण्याच्या कठीणपणाची पिण्यासाठीची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. साध्या चाचणी किटने तुमचं पाणी कुठे बसतं ते पाहा. किट नसेल तर बाथरूमच्या शॉवरची चाळणी काढा. भोकांभोवती पांढरा, नखाने खरवडला तर चुन्यासारखा उडणारा थर असेल तर तोच थर एक्स्चेंजरच्या आतही आहे.

प्रवाह तपासायला आधी पंपाच्या अलीकडचा वाय-स्ट्रेनर, म्हणजे पाणी गाळणारा जोड, उघडा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून टोपी पान्याने सोडवली की आतून बारीक जाळी निघते. तिच्यात क्षारांचे कपचे, टेफ्लॉन टेपचे तुकडे, कधी शेवाळ. जुन्या टूथब्रशने धुऊन परत बसवा. मग मशीन चालू असताना एक्स्चेंजरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांवर, इन्सुलेशन सरकवून, दोन थर्मामीटर टेप लावून चिकटवा. साडेतीन किलोवॅट उष्णता देणाऱ्या मशीनमध्ये मिनिटाला १० लिटर पाणी फिरत असेल तर दोन्हींत सुमारे ५ अंश फरक पडतो. फरक १०-१२ असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये: स्ट्रेनर, पंप किंवा अडकलेली हवा. फरक जेमतेम १-२ अंश, आणि कंप्रेसरचा करंट पाटीवरच्या आकड्याच्या वर, असं असेल तर क्षार किंवा जास्त गॅस. गच्चीवरची पाण्याची टाकी फार उंच नसेल तर पाण्याला दाब कमी असतो, आणि अशा ठिकाणी पाइपाच्या सर्वांत उंच जागी हवा अडकतेच. तिथे एअर व्हेंट नसेल तर बसवून घ्या, गुडगुडही त्यानेच जाईल.

क्षार काढण्यासाठी एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंना टी आणि व्हॉल्व्ह हवेत. नसतील तर यानिमित्ताने प्लंबरकडून लावून घ्या, पुढच्या प्रत्येक वेळी उपयोगी पडतील. वीस लिटर कोमट पाण्यात एक किलो सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा आणि छोट्या पंपाने ते फक्त एक्स्चेंजरमधून एक ते दोन तास फिरवा. टाकीत जाऊ देऊ नका. सुरुवातीला फेस येतो, पाणी गढूळ होतं. फेस थांबला की काम झालं. मग साध्या पाण्याने धुवा, नंतर वीस लिटरमध्ये २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं फिरवा, आणि पुन्हा साधं पाणी, स्वच्छ येईपर्यंत. हातमोजे आणि चष्मा घालून करा. बाथरूमच्या फरशीला वापरतात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लवकर काम करतं म्हणून कुणी सुचवेल. ते स्टेनलेस स्टीलला खातं, अजिबात घालू देऊ नका. बोअरचं पाणी चालूच ठेवणार असाल तर हे वर्षातून एकदा करावं लागेल, किंवा सॉफ्टनर बसवावा लागेल. पाणी ६० च्या वर तापवत राहिलं तर क्षार झपाट्याने धरतात, म्हणून रोजचं सेटिंग ५०-५५ ठेवा आणि आठवड्यातून एकदाच, जंतू मारण्यासाठी, टाकी ६० पर्यंत न्या. आणखी एक: टाकी आतून काचेच्या लेपाची असेल तर तिच्यातला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) पाच वर्षांत या पाण्याने संपलेलाच असणार. तो काढून पाहा. नुसती मधली तार उरली असेल तर बदला, नाहीतर त्याच्या जागी टाकी गंजायला लागते.

आता दुसरी बाजू: ४५ ला मशीन बंद होत नाही, तासन्‌तास चालूच राहतं. तेव्हा आधी खात्री करा की पाणी खरंच तापत नाहीये, की तापलेल्या पाण्यात कुठेतरी गार पाणी मिसळतंय. टाकीला येणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाथरूममधला गरम नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी संपून धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर एखाद्या मिक्सरमधून किंवा खराब नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. बऱ्याच घरांत संडासातला जेट चालू ठेवून टोकाला दाबून बंद केलेला असतो, किंवा वॉशिंग मशीनचे दोन्ही नळ कायम उघडे असतात, आणि दोष मात्र हीट पंपाच्या माथी मारला जातो.

इथेही काही सापडलं नाही तर मशीनची खरी ताकद मोजा. ही चाचणी कुठल्याही मेकॅनिकच्या शब्दापेक्षा भरवशाची आहे. दुपारी, टाकीचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून, बॅकअप हीटरचा (टाकीतल्या विजेच्या जोड-हीटरचा) एमसीबी वेगळा असेल तर तो पाडून, आणि घरातलं बाकी सगळं शक्य तेवढं बंद करून मीटरचा आकडा आणि टाकीचं तापमान लिहा. दोन तास मशीन चालवा. पुन्हा दोन्ही लिहा. ३०० लिटर पाणी २० अंशांनी तापायला ७ युनिट उष्णता लागते. चांगला हीट पंप दुपारच्या हवेत त्यासाठी सुमारे २ युनिट वीज घेतो. तुमच्या मीटरवर ३ पेक्षा जास्त दिसले, किंवा दोन तासांत १०-१२ अंशच चढले, तर मशीन थकलंय. आणि बॅकअप हीटर चालू ठेवून, २० अंश चढेपर्यंत मोजल्यावर ७ च्या आसपास दिसले तर कंप्रेसर काहीच करत नाहीये, सगळं काम दोन किलोवॅटचा हीटर करतोय. असं असलं की पाणी मिळतं म्हणून बिघाड महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. येतं ते फक्त बिल.

याच वेळी दोन खुणा बघून ठेवा. पंख्यात शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण ५ ते ८ अंशांची घट निरोगी. घट मोठी पण वारा मरतुकडा, तर कॉइल अडलेली. वारा जोरात पण घट १-२ अंशच, तर गॅस कमी किंवा कंप्रेसर कमजोर. दुसरी खूण: २८ अंशांच्या दुपारी कॉइलवर कुठेच दंव दिसता कामा नये. बारीक नळ्या जिथून कॉइलमध्ये शिरतात तेवढ्याच भागात पांढरं धरलं आणि बाकी कॉइल कोरडी, जवळजवळ हवेइतकीच गरम असेल, तर गॅस खरोखर कमी आहे किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडलाय. फोटो काढा, मेकॅनिकला दाखवा. पहाटेच्या बर्फावरून यातलं काहीच ठरवता येत नाही. तेव्हा तर निरोगी मशीनही पांढरं पडतं.

खूण गॅसकडे गेली तर काम कसं करून घ्यायचं हे सांगणारी ही ओळ लक्षात ठेवा: आधी गळती, मग निर्वात, मग वजन. जोडांवर, विशेषतः नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटांपाशी, तेलाचा ओशट डाग शोधायला लावा. गॅसबरोबर तेल झिरपतं, त्यामुळे गळतीची जागा धुळीत काळपट दिसते. उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून नायट्रोजन भरायचा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, दाब धरून राहतोय याची खात्री करायची. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा-पाऊण तास, गेजवर ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत. मग युनिटच्या पाटीवर छापलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून. नुसतं बॅक प्रेशर, म्हणजे परतणाऱ्या गॅसचा दाब, बघून अंदाजाने "थोडा अजून" करत भरला की तो हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात भलताच ठरतो. तुमच्याकडे दोनदा हेच झालं असावं. पाटीवर गॅसचं नाव आर-४१०ए असेल तर सिलिंडरमधून द्रव रूपात भरावा लागतो, आर-४०७सी असेल तर गळतीनंतर वरून भरणं चुकीचंच, कारण त्यातले घटक कमी-जास्त प्रमाणात निघून गेलेले असतात. आर-३२ थोडा आणि आर-२९० चांगलाच पेट घेणारा आहे. या दोन्हींसाठी कंपनीचा प्रशिक्षित माणूसच हवा. पाटीवरच्या गॅसऐवजी "हाही चालतो" म्हणून दुसरा भरू देऊ नका. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप न आणता आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

विजेचं थोडक्यात. मशीन पूर्ण भारावर असताना युनिटच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून घ्या आणि लगेच मीटरपाशी मोजा. दोन्हींत बारा-पंधरा व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तळमजल्यावरून गच्चीपर्यंतची तार बारीक आहे किंवा एखादा जोड सैल. हीटरसह मशीनला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग नसेल तर बाकी सगळं नंतर, ते आधी. पाणी आणि वीज एकाच टाकीत आहेत.

आता दुपारच्या टायमरचा हिशोब. रिकामी, २० अंशांची टाकी ५५ ला न्यायला सुमारे १२ युनिट उष्णता लागते, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या मशीनचे साडेतीन तास. गीझरला तेवढेच १२ युनिट वीज लागेल, हीट पंपाला दुपारी साडेतीन-चार. पहाटेच्या ८-१० अंशांत त्याच मशीनचा जोर घटतो, शिवाय डिफ्रॉस्टमध्ये वेळ जातो. चांगल्या पफ इन्सुलेशनच्या टाकीत रात्रभरात ३ ते ५ अंशच उतरतात, म्हणजे सकाळी ५० च्या वर पाणी तयार. वीस लिटरच्या बादलीला त्यातलं बारा-तेरा लिटर पुरतं. मात्र टाकीपासून बाथरूमपर्यंतचे गच्चीवरचे पाइप उघडे असतील तर त्यांना किमान १९ मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबर चढवा आणि वरून उन्हापासून वाचवणारी टेप गुंडाळा. सकाळी बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं ते बहुतेक त्या पाइपांमुळेच.

राहिला भिंतीचा प्रश्न. मशीन पूर्ण दुरुस्त झालं तरी सामाईक भिंतीवरचं ब्रॅकेट काकांच्या खोलीत गुणगुण पोचवत राहणार, कारण तो आवाज हवेतून नव्हे, विटांतून जातो. युनिट उतरवून गच्चीच्या तुमच्या बाजूला, भिंतीपासून सुटं, फरशीवर स्टँड ठेवून बसवा. गॅसच्या नळ्या न हलवता जमत नसेल तर गळती दुरुस्तीच्या वेळीच करा, म्हणजे एकाच खर्चात होईल. पायांखाली रबर माउंट घाला, पण मशीनचं वजन सांगून: ६० किलोचं युनिट असेल तर चारांपैकी प्रत्येकावर १५ किलो येतात, आणि त्या वजनाने रबर जरासं दबलं तरच ते कंपन गिळतं. ट्रकच्या टायरचे कडक तुकडे काहीच करत नाहीत. सातपूर-अंबडकडे कारखान्यांच्या मशीनखाली घालायचे माउंट मिळतात, तिथे वजनाप्रमाणे मागा. पाण्याच्या पाइपांना युनिटपाशी फूटभर लवचीक जोड द्या आणि पाइप भिंतीत जातात तिथे रबराची वेटोळी घाला, नाहीतर कंपन पाइपातून पुन्हा भिंतीत शिरेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ ही मर्यादा आहे. काम झाल्यावर दुपारी मशीन चालू असताना काकांच्या खिडकीपाशी त्यांच्यासोबत उभं राहून मोबाइलवर मोजा. मोबाइलचं माप थोडं इकडेतिकडे असतं, पण आधी आणि नंतर यांतला फरक तो बरोबर दाखवतो.